बँकेच्या लिलावातलं घर खरंच निम्म्या किमतीत मिळतं का?

"कर्जबुडव्यांची घरं बँका लिलावात निम्म्या किमतीत काढतात. बँकच विकतेय म्हणजे कागदपत्रं चोख. पैसे भरा, किल्ली घ्या!" असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. आयुष्यभराची पुंजी लावायला निघालेली माणसं तो वाचतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायलाच हवं.

'निम्मी किंमत' म्हणून जो आकडा दाखवतात, तो बहुतेक वेळा राखीव किंमत असतो. बोली सुरू होते तिथून. चांगल्या वस्तीतल्या रिकाम्या फ्लॅटसाठी बोली लावणारे बरेच असतात आणि भाव चढत जातो. दोन-तीन लिलावांत कोणीच हात लावला नाही, की राखीव किंमत उतरते. तेव्हा घर फार स्वस्त दिसलं, तर ते आजवर का विकलं गेलं नाही, हे आधी विचारा.

'पैसे भरा, किल्ली घ्या' हे मात्र सगळ्यात घातक. लिलावाच्या जाहिरातीत अनेकदा 'सांकेतिक ताबा' असे दोन शब्द असतात. त्यांचा अर्थ, दारावर नोटीस लागली आहे, पण घर बँकेच्या हातात नाही; आत बहुधा माणसं राहताहेत. प्रत्यक्ष ताबा हवा तर बँकेला सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यातली मुदत ३० दिवसांची, वाढवून ६०. प्रत्यक्षात प्रकरणं कितीतरी जास्त रेंगाळतात. शिवाय बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदार ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतो. आत कायदेशीर संरक्षण असलेला जुना भाडेकरू असेल, तर सरफेसीच्या आधारे त्याला सरसकट बाहेर काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मुंबईतल्याच प्रकरणांत म्हटलं आहे. ताबा मिळेपर्यंत तुमचं भाडं आणि हप्ता दोन्ही चालू. आणि आत राहणाऱ्याला सरसकट 'कर्जबुडवा' म्हणणंही मला पटत नाही; नोकरी गेली किंवा आजारपण आलं, तरी हप्ते थकतात.

कागदपत्रं चोख? बँक घर 'जसं आहे, जिथे आहे' या अटीवर विकते. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, पाणीपट्टी यांची चौकशी खरेदीदारानेच करायची. आधीच्या मालकाचं थकलेलं वीजबिलही नव्या खरेदीदाराकडून वसूल होऊ शकतं, हे २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झालं आहे.

'पैशाची सोय कर्ज काढून नंतर करता येते' अशीही पुस्ती कोणी जोडतं. बोली जिंकली की अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची असते. उरलेली ७५ टक्के, विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली, तरी ती तीन महिन्यांपुढे जात नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त होते, आणि पूर्ण २५ टक्के जप्त करणं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये योग्य ठरवलं आहे. म्हणून कर्जाची मंजुरी बोलीच्या आधी हातात हवी.

प्रत्यक्ष ताबा बँकेकडे असलेलं, कुठलाही दावा नसलेलं घर लिलावात घ्यायला हरकत नाही. त्यासाठी वकिलाकडून शोध अहवाल (मालकी कोणाची, बोजा आहे का, याची तपासणी) काढा, न्यायाधिकरणात काही प्रलंबित आहे का ते पाहा, सोसायटीच्या सचिवांना भेटा. जाहिरातीत पाहणीची तारीख दिलेली असते. त्या दिवशी स्वतः जा आणि दार कोण उघडतं ते बघा.