ॲप टाकलं म्हणून पंप सुटत नाही

"पोराला दमा आहे? पंपाची सवय लागते. मोबाइलवर फुफ्फुस तपासायचं ॲप टाका. तीस सेकंद श्वास रोखता आला आणि ऑक्सिजन ९५ च्या वर असला, की पंप बंद करा." अशा अर्थाचा मेसेज गावागावांतल्या ग्रुपवर फिरतो. पंप म्हणजे श्वासातून औषध घ्यायचा इनहेलर. दम्यात मोबाइल कामाचा आहेच, पण या मेसेजने त्याला नेमकं न जमणारं काम दिलंय.

आधी श्वास रोखण्याचं. दम्यात श्वासनळ्या आकसतात, हवा बाहेर सोडताना अडते. किती वेळ रोखली यावरून नळी किती अरुंद झाली ते कळत नाही. त्यासाठी पीक फ्लो मीटर असतो, म्हणजे किती जोराने हवा बाहेर फुंकता येते ते मोजणारी नळी. साध्याला बॅटरी लागत नाही की नेटवर्क, आणि पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला तो जमतो. काटा खाली आणायचा, उभं राहून छातीभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकायचं. असं तीनदा करून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सरासरी काढायची नाही. तब्येत चांगली असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवली, की त्या मुलाचा स्वतःचा उत्तम आकडा हाती येतो. समजा तो २५० आला, तर २०० च्या वर ठीक, १२५ ते २०० म्हणजे सावध, १२५ च्या खाली थेट दवाखाना. नोंद फोनमध्ये ठेवा नाहीतर वहीत, फरक पडत नाही.

"ऑक्सिजन ९५ च्या वर" हा मुद्दा सगळ्यात घातक. दम्याच्या झटक्यात रक्तातला ऑक्सिजन उशिरा घसरतो. पोरगं जीव लावून श्वास ओढत असतं आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या क्लिपवर आकडा ९६ दिसतो. बोट गार असलं, नखाला पॉलिश असलं, हात हलला किंवा मोठ्यांची क्लिप बारक्या बोटाला लावली, तरी आकडा चुकतो. कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपांवर तर विसंबूच नका. त्यापेक्षा बनियन काढून बघा: बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का? एक वाक्य सलग बोलता येतं का? उजेडात तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, छाती आणि पोट दोन्ही दिसू द्या. डॉक्टरला तो "रात्री लय खोकलते" यापेक्षा खूप काही सांगतो.

पंपाची सवय लागत नाही. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळीत जातं. तो बंद केला की श्वासनळीतली सूज परत येते, लोक त्यालाच सवय म्हणतात. उलट मोठा झटका आला की स्टेरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये, म्हणजे कितीतरी जास्त मात्रेत, घ्याव्या लागू शकतात.

फोनचा खरा उपयोग इथे आहे. सकाळ-संध्याकाळ अलार्म लावा, त्याला नेट लागत नाही. १२० मात्रांचा पंप रोज चार फवाऱ्यांनी ३० दिवसांत संपतो. कॅलेंडरमध्ये २५ व्या दिवशी नवा आणायची आठवण टाका. संपलेला पंपही फुस्स करतो आणि पाण्यात तरंगवून बघणं भरवशाचं नाही, त्यामुळे मोजणं हाच उपाय. पंप घेतानाचाही व्हिडिओ काढून दाखवा. चुका ठरलेल्या: पंप न हलवणं, स्पेसरमध्ये (पंप आणि तोंडाच्या मधे लावायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यात) दोन फवारे एकदम मारणं, मास्क गालाला सैल राहणं. एक फवारा, पाच-सहा श्वास, मग दुसरा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला तर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची.

हवेचा आकडा दाखवणारी ॲपं नागपूर-चंद्रपूरच्या केंद्रांवरून बोलतात. तुमच्या चुलीत जळणाऱ्या पराट्यांचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) धूर, खोलीत रचलेला कापूस, सोयाबीन काढणीची धूळ, मार्चमध्ये काढलेल्या कूलरच्या जुन्या बुरशीदार पॅड, यातलं काहीच त्यांना दिसत नाही. पॅड बदला, टाकी घासून सुकवा, कापसाच्या खोलीत पोराला झोपवू नका.

ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरशी बोलणं फेरतपासणीला चांगलं, झटक्यात नाही. तेव्हा पोराला बसतं करा, लगेच आराम देणारा पंप स्पेसरमधून डॉक्टरने लिहून दिलेल्या मात्रेत द्या आणि वेळ बघा. २० मिनिटांत आराम नाही, ओठ निळसर, बोलता येईना, यातलं एकही दिसलं की १०८ लावा. गाडी येईपर्यंत पंप चालूच ठेवा.