कवीच्या घरावरच्या पाटीवर कवी असू द्या

भास्कर रामचंद्र तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते आणि १९४१च्या डिसेंबरात ते ग्वाल्हेरातच गेले. त्यांच्या राहत्या घराच्या जागी एक पाटी असावी, असा विषय आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींत सध्या चालला आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण मजकुराचा जो पहिला मसुदा फिरतोय तो वाचून मन खट्टू झालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मसुद्यात अनावरण कुणाच्या शुभहस्ते, अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, सौजन्य कुणाचं, हे सगळं आहे. तांब्यांच्या वाट्याला एकच ओळ. नाव, आणि नावाआधी 'थोर'. कवितेचा एक शब्द नाही. उद्या मुंबई-पुण्याहून किल्ला बघायला आलेलं कुटुंब त्या गल्लीतून गेलं, तर लताबाईंच्या आवाजात आयुष्यभर ऐकलेलं 'मधु मागशी माझ्या सख्या परी' याच माणसाचं, हे त्यांना त्या पाटीवरून कसं कळणार?

आणि पाटीनं कसं बोलावं, हे खुद्द तांब्यांनी लिहून ठेवलंय, तेही आपल्याच गावातल्या जागेबद्दल. फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. १८५८च्या जूनमध्ये राणी पडली ती ग्वाल्हेरच्या लढाईत. त्या समाधीवर तांबे लिहितात:

'रे हिंदबांधवा, थांब या स्थळी,
अश्रु दोन ढाळी,
ती पराक्रमाची ज्योत मावळे
इथे झाशीवाली'

वाटसरूला हाक, मग त्यानं काय करावं, मग इथे काय घडलं. चार ओळींत सगळं आलं. राणी माहेरची तांबे, मोरोपंत तांब्यांची मुलगी, आणि त्या कुळाचा अभिमानही पुढे कवितेत येतो. पण पहिली हाक मात्र रस्त्यानं चाललेल्या कुठल्याही माणसाला आहे. मला पाटीचा मजकूर म्हणून याहून चांगला धडा माहीत नाही.

घरांवर पाट्या लावण्याची जुनी रीत लंडनची. तिथली पहिली पाटी १८६७ साली लागली, तीही एका कवीसाठी, बायरनच्या जन्मघरावर. ते घर १८८९ मध्ये पाडलं. म्हणजे पाटी लावली की वास्तू वाचली, असं समजायचं कारण नाही. लष्करातले वाडे कसे चाललेत ते आपण रोज बघतो. उद्या त्या जागी फ्लॅट उभे राहिले, तरी नव्या भिंतीवर जसाच्या तसा लावता येईल असा मजकूर हवा. त्याच लंडनमध्ये रवींद्रनाथांच्या नावाची पाटी आहे: भारतीय कवी, १९१२ मध्ये इथे राहिले. बस्स. उद्घाटकाचं नाव शोधून सापडत नाही.

आपल्याकडे सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं घर आज सरोदघर म्हणून लोक बघायला जातात. तिथे वाद्यं आहेत, फोटो आहेत. तांब्यांचं सगळं धन शब्दांत आहे, म्हणून तर शब्द पाटीवर यायलाच हवेत. आणि त्यांनी आपली सोय केलेली आहे! त्यांच्या समग्र कवितेत कितीतरी कवितांवर राग दिलाय, जाती म्हणजे छंदाचा प्रकार दिला आहे आणि कविता कुठल्या गावी, कधी लिहिली तेही नोंदवलंय. अजमेर, प्रतापगड, देवास अशी गावं येत येत शेवटी लष्कर-ग्वाल्हेर येतं. ग्वाल्हेरला लिहिलेल्या कविता निवडून त्यांतल्या दोन-तीन नावांनिशी पाटीवर घालता येतील, रागासकट. गाण्याच्या या गावात राग वाचून माणूस नक्की थबकेल.

भाषेबद्दल मंडळात दोन तट पडलेत. माझं मत स्पष्ट आहे: कविता मराठीत, खाली हिंदीत सरळ अर्थ. आमच्या घरांतली नवी पिढी मराठी बोलते, पण वाचायला अडखळते. शेजारची मुलं तर हिंदीच. 'मावळत्या दिनकरा, अर्घ्य तुज जोडुनि दोन्ही करां' ही ओळ हिंदी माणसालाही अर्ध्याहून जास्त कळते. उरलेलं खाली वाचेल. निव्वळ हिंदी पाटी लावली तर तांबे कुठल्या भाषेचे कवी हेच गायब होईल, आणि निव्वळ मराठी लावली तर गल्लीला ती परकी वाटेल.

फ्लेक्स नको, एवढंही आत्ताच ठरवूया. दोन पावसाळ्यांत चिंध्या होतात. दगड घ्या, लहान घ्या, अक्षरं खोल कोरून घ्या. ज्यांनी वर्गणी दिली त्यांचे आभार कार्यक्रमात माना, पत्रिकेत छापा, पेपरात द्या. मीही देणार आहे, माझं नाव दगडावर नको.

आणि ज्यांच्या मालकीची ती भिंत आहे, त्यांना मजकूर आधी दाखवूया. त्यांची परवानगी तारीख ठरवण्यापूर्वी घ्यायला हवी. रोज त्या दगडासमोरून जा-ये त्यांनाच करायची आहे.

पुढच्या बैठकीला मी दुसरा मसुदा घेऊन येतोय. 'मावळत्या दिनकरा'चा हिंदी अर्थ दोन ओळींत, साध्या भाषेत करून देणारं कुणी असेल, तर कमेंटमध्ये लिहा.