समजूत घालणं म्हणजे समुपदेशन नव्हे

नवरा-बायकोचं बिनसलं की आपल्याकडे आधी बैठक बसते. मामा, थोरले दीर, मुलीकडची दोन जाणती माणसं. "दोघांनी थोडं थोडं सोडा", "पोरांच्या तोंडाकडे बघा", आणि मग चहा. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हीच बैठक आता फी घेऊन, दारावर 'काउन्सेलिंग'ची पाटी लावून भरताना दिसते, आणि त्याबद्दल बोलायलाच हवं. दोघांना तासभर समोर बसवून कोण चुकलं ते सांगणं हे समुपदेशन नव्हे. असा अनुभव आलेली जोडपी बऱ्याचदा पुन्हा कोणाकडेच जात नाहीत, याचं जास्त वाईट वाटतं.

काम नीट चालतं तेव्हा साधारण असं चालतं. पहिली भेट दोघांची एकत्र, सव्वा ते दीड तास. मग प्रत्येकाची एकेक स्वतंत्र भेट. चौथ्या भेटीत समुपदेशक आपल्याला काय दिसलं ते मांडतो आणि कशावर काम करायचं ते तिघं मिळून ठरवतात. पुढे आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी एक भेट, अशा आठ ते वीस भेटी धरून चला. आई-वडील बाहेर थांबतात. सासूबाई आत येऊन बसल्या की दोघंही बोलायचं थांबतात आणि बाजू मांडायला लागतात.

ती स्वतंत्र भेट कधीही गाळू देऊ नका. नवरा शेजारी बसलेला असताना "हा हात उचलतो" असं फार थोड्या बायका सांगू शकतात. म्हणून एकटीला विचारायचं असतं: भांडण वाढलं की घरात नेमकं काय होतं? पगाराचं कार्ड कोणाकडे असतं? फोन कोण तपासतं? आत्ता घरी जायची भीती वाटते का? उत्तरात भीती दिसली, तर एकत्र भेटी तिथेच थांबवायच्या. कारण खोलीत ती जे बोलेल त्याचा हिशेब रात्री घरी होतो. अशा वेळी 'संवाद सुधारा' म्हणणं धोक्याचं आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखालच्या नियमांतही स्पष्ट आहे, की समुपदेशनात हिंसेचं कुठलंही समर्थन ऐकून घेतलं जाणार नाही. तिथे वाट वेगळी: या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी, १८१ ही महिला हेल्पलाइन, किंवा पोलिसांच्या आवारात चालणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये असा पहिला कक्ष सुरू केला.

स्वतंत्र भेटीआधी एक प्रश्न जरूर विचारा: "मी इथे जे सांगेन ते जोडीदाराला कळणार का?" काही समुपदेशक गुपित ठेवतात, काही आधीच सांगतात की कामाच्या आड येणारी गोष्ट तुम्हालाच एकत्र भेटीत मांडावी लागेल. दोन्ही पद्धती चालतात. आधी न सांगणं मात्र चालत नाही, कारण बाहेरचं प्रकरण मध्येच उघड झालं की समुपदेशकावरचा दोघांचाही विश्वास उडतो.

आता प्रत्यक्ष सराव. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि ऐकलेलं परत सांगायचं. ऐकायला सोपं, करताना घाम फुटतो. बोलणारी म्हणते, "तू नेहमी तुझ्या आईचीच बाजू घेतोस." समुपदेशक तिला तिथेच थांबवतो. 'नेहमी' काढून एकच प्रसंग सांगायला लावतो. मग ते वाक्य असं होतं: "शनिवारी जेवताना आई भाजीवरून बोलल्या तेव्हा तू मोबाइलमध्ये बघत होतास. मला फार एकटं वाटलं." आता त्याची पाळी. तो म्हणतो, "म्हणजे तुझ्या मते माझी आई वाईट." नाही! ती आईबद्दल बोललीच नाही. पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो म्हणतो, "मी गप्प बसलो आणि तुला एकटं वाटलं." खरं काम इथून सुरू होतं. भाजीचा निकाल लावायचाच नसतो.

घरी हा सराव आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, मुलं झोपल्यावर. आवाज चढला, छाती धडधडायला लागली, की थांबायचं आणि किमान वीस मिनिटं वेगळं व्हायचं, कारण शरीर शांत व्हायला तेवढा वेळ लागतो. पण उठताना "साडेनऊला परत बोलू" असं सांगून उठा. न सांगता निघून गेलात तर समोरच्याला तो अबोलाच वाटतो, आणि भांडण दुप्पट होतं.

माणूस निवडताना शिक्षण विचारायला लाजू नका. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागा. नुसती 'समुपदेशक' ही पाटी आज जवळपास कोणीही लावू शकतो, म्हणून पदवी कशातली आणि जोडप्यांबरोबर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण झालंय का, हे थेट विचारा. पहिल्याच भेटीत "घटस्फोट घ्या" किंवा "काहीही करून टिकवा" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. आणि दोघांपैकी कोणाची झोप-भूक दोन आठवडे उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. मरणाचे विचार येत असतील तर आत्ताच १४४१६ लावा. ही टेलिमानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

जोडीदार यायला तयार नसेल तर बरेचदा आपण विचारतो ती पद्धत चुकलेली असते. "तुला काउन्सेलिंगची गरज आहे" हे भांडणात फेकलेलं वाक्य शिवीसारखं लागतं. भांडण नसताना, चालायला गेल्यावर म्हणा: "माझ्याकडून तुझं नीट ऐकून घेतलं जात नाहीये. मला मदत हवी आहे. चार भेटींपुरता ये, मग पुढे जायचं का ते तू ठरव." तरी नाहीच म्हणाला, तर एकटीने जा.