‘पास आऊट’ म्हणजे फक्त चक्कर येऊन पडणं? साफ खोटं

परवा खानापूरहून भाचीचा फोन. आवाज रडवेला. “मामा, अर्जात मी ‘पास्ड आऊट इन 2023’ लिहिलंय, आता काय करू?” कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘पास आऊट’ म्हणजे बेशुद्ध पडणं, दुसरा अर्थच नाही, शिक्षण पुरं होणं हा अर्थ भारतीयांनी काढला, असं लिहिलं की नोकरी गेली, आणि ही चूक मराठी-कन्नड माध्यमातलीच मुलं करतात.

दुसरा अर्थ नाही? ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश उघडा. बेशुद्ध पडण्याच्या जोडीलाच अर्थ दिलाय: प्रशिक्षण पुरं करून लष्करी कॉलेजातून बाहेर पडणं. त्यावर शिक्का ब्रिटिश इंग्रजीचा आहे. आणि बेळगावकराला त्यासाठी कोश तरी कशाला हवा? मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आपल्याच गावात आहे. तिथल्या पासिंग आऊट परेडला पोरं पावलाला पाऊल जुळवून ताठ मानेनं जातात, शपथ घेतात, कडेला आईबाप डोळे पुसत असतात. पेपरात आपण त्याला दीक्षांत संचलन म्हणतो. आपल्याकडे घसा बसतो, दार बसतं, पोरगी परीक्षेला बसते. ‘बसणे’चा एकच अर्थ धरून कोणी अडून बसतं का?

एक मात्र खरं. ब्रिटिश कोशातला तो अर्थ लष्करापुरता आहे. कॉलेजसाठी वापरायची रीत मुख्यतः आपल्याकडची. अमेरिकन माणसाला आधी चक्करच आठवेल. ‘2023ची पासआऊट’ हे तर बाहेर कळायचंही नाही. परदेशी कंपनीला लिहिताना ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं, कबूल. पण भाचीचा अर्ज इथल्याच, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात गेलाय. तिथं ‘पास आऊट’ कोणाला कळत नाही?

राग येतो तो माध्यमाच्या मुद्द्याचा. पुण्या-बंगळूरच्या इंग्रजी शाळांतली मुलंही सर्रास ‘पास आऊट’ म्हणतात, त्यांना कोणी हटकत नाही. ही पोरगी घरात मराठी बोलते, बस स्टँडवर कन्नड, डिप्लोमा इंग्रजीतून केलाय. आणि एका मेसेजनं ती म्हणायला लागली, “मुलाखतीत मी इंग्रजी बोलणारच नाही.”

तिला सांगितलं, गेलेला अर्ज राहू दे. पुढच्या वेळी ‘कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन 2023’ लिही, म्हणजे कुठंही चालेल. सोमवारी मुलाखत आहे. रविवारी ती माझ्याकडे येतेय. तासभर दोघांनी इंग्रजीतच बोलायचं ठरलंय.