लाइक करण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

सत्तेला लगाम हवा, सरकारच्या अधिकारांना मर्यादा हवी, असं म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. सुखाने जगायचं तर आधी आपला अंगठा आवरा.

2012 च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. मैत्रिणीने ते लाइक केलं. भीतीबिती काही नाही हे पटवून द्यायला पोलिसांनी दोघींना अटक केली. लिहिणारीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला तो वेगळाच. पोलीस ढिम्म असतात म्हणणाऱ्यांनी निदान त्या लाइकचा तपास आठवावा.

हाताशी होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ. ऑनलाइन मजकुराने कोणाला त्रास झाला तर गुन्हा, त्यात ‘चीड’, ‘गैरसोय’ असले ऐसपैस शब्द आणि 3 वर्षांपर्यंत कैद. 2008 च्या डिसेंबरात लोकसभेने ते चर्चेविना मंजूर केलं होतं. पुढचा कायदा येईल तेव्हा तुम्हीही चर्चा करू नका. तो समाजकंटकांसाठीच असतो, आणि समाजकंटक कोण ते ठाण्यात ठरतं. कर नाही त्याला डर कशाला?

24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. हुरळून जाऊ नका. 2021 मध्ये न्यायालयापुढे आलं की 11 राज्यांत याच कलमाखाली 745 खटले अजून चालूच आहेत. न्यायमूर्ती थक्क झाले. तेव्हा महान्यायवादींनी, म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वोच्च वकिलांनी, केलेला खुलासा पाठच करून ठेवा: पुस्तकात कलम छापलेलं दिसतं, ते रद्द झाल्याचं खाली तळटिपेत असतं, आणि गुन्हा नोंदवणारा अधिकारी तळटीप न बघताच कलम लावतो.

म्हणजे तुमचं-आमचं भाषणस्वातंत्र्य सुरक्षित आहे, फक्त बारीक टायपात आहे. शेवटी 2022 च्या ऑक्टोबरात न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. मेलेलं कलम दुसऱ्यांदा मारणं याला आपल्याकडे अंमलबजावणी म्हणतात.

तेव्हा ठाण्यातून बोलावणं आलं तर भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद 19 ची पोपटपंची नको. साहेबांचा चहा होऊ द्या, मग हळूच विचारा, ‘साहेब, चष्मा आणलाय ना?’ त्या तळटिपेची झेरॉक्सही खिशात असू द्या. फेसबुकवर मात्र टाकू नका, उगाच कोणाची तरी गैरसोय व्हायची.