नाश्त्याच्या ताटावर इतिहास कसा वाढावा

रविवारची सकाळ आहे, घरात पाहुणे जमलेत, बटाटेवड्यांचा पहिला घाणा ताटात येऊन पडलाय आणि तुम्हाला अजून कोणी काही विचारलेलं नाही. अशा वेळी मुकाट्याने खात बसू नका. घसा खाकरा आणि म्हणा, "या वड्याचा इतिहास माहितीये का कुणाला?" सगळ्यांच्या तोंडात घास असतो, त्यामुळे ‘हो’ कोणालाच म्हणता येत नाही. पुढचा पाऊण तास तुमचा.

तो पाऊण तास कसा भरून काढायचा, याचे काही उपाय देते. सगळे अनुभवाचे आहेत. अर्थात बोलणाऱ्याच्या नव्हे, ऐकणारीच्या.

पहिलं म्हणजे, पदार्थ नेहमी आपल्याच गावचा असतो. मिसळ कोल्हापूरची की नाशिकची की पुण्याची, हा प्रश्न तुम्ही कुठे जन्मलात यावर सुटतो. पुण्याच्या मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी पडते, हे कोल्हापूरकरांपुढे काढू नका. काढायचंच असेल तर परतीचं तिकीट आधी काढा.

पोहे निघाले तर सुदाम्यापासून सुरुवात करा, फक्त तो द्वारकेला बटाटेपोहे घेऊन गेला होता असं म्हणू नका. कोणीतरी ऐकेल.

शेजारच्या गावाचा वडा नेहमी तेलकट.

पदार्थाच्या जन्माला एक अपघात लागतो. घरात अचानक पाहुणे आले, भाजी उरली, आचारी चिडला, यांतलं काहीही चालेल. जगभर हेच चालतं. अमेरिकेत म्हणे १८५३ साली साराटोगा स्प्रिंग्जच्या हॉटेलात एका गिऱ्हाईकाने बटाट्याच्या फोडी जाड आहेत म्हणून परत पाठवल्या, जॉर्ज क्रम नावाच्या आचाऱ्याने रागाने कागदासारख्या पातळ कापून तळल्या, आणि झाले वेफर्स. इंग्लंडमधल्या १८१७ च्या एका पाककृतीच्या पुस्तकात बटाट्याच्या पातळ चकत्या तळायची कृती छापलेली आहे, पण पुस्तकाला राग येत नसल्यामुळे त्याची गोष्ट होत नाही. बेल्जियमचे लोक सांगतात की १६८० च्या कडाक्याच्या थंडीत नामूरजवळची नदी गोठली, मासे मिळेनात, म्हणून कोळ्यांनी माशांऐवजी बटाटे चिरून तळले. तिथलेच इतिहासकार म्हणतात, त्या वेळी त्या भागात बटाटाच पोचला नव्हता. असल्या किरकोळ अडचणींनी थांबायचं नाही.

लंडनला मुलाकडे जाणार असाल तर तिथेही भरपूर वाव आहे. अंडी, बेकन, बीन्स यांच्या शेजारी अमेरिकेतून आलेल्या हॅश ब्राउनला बसू द्यायचं की नाही, यावर तिथली शहाणी माणसं भांडतात. तुम्ही थालीपीठ सुचवा.

राजा मिळाला तर उत्तम. वाजिद अली शाह १८५६ मध्ये अवध गमावून कोलकात्याला आला, मटण परवडेना म्हणून बिर्याणीत बटाटा घातला, ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगता येते. त्याला वर्षाला बारा लाखांचं पेन्शन होतं आणि मटियाबुर्जला त्याने स्वतःचं प्राणिसंग्रहालय पाळलं होतं, हे मधेच सांगणाऱ्याला चटणी द्या.

जुन्या कागदांत रताळं सापडलं तर त्याला बटाटा म्हणा. जहांगीरच्या काळात असफखानाने इंग्रज वकील थॉमस रो याला दिलेल्या मेजवानीत बटाटे होते असं त्याच्या पाद्र्याने लिहून ठेवलंय. ती रताळी असावीत असं अभ्यासक म्हणतात. अभ्यासक वडे तळत नाहीत, त्यामुळे त्यांचं ऐकायचं कारण नाही.

पण हे सगळं झालं बाहेरचं. मराठी घरात बोलायचं असेल तर पेशवाईला पर्याय नाही. परवाच आमच्याकडे एका नात्यातल्या काकांनी हे करून दाखवलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे थोरले माधवराव मोहिमेवर निघाले की शनिवारवाड्यात बटाटेवड्यांचे घाणे पडत. पुरावा? "आमच्या घरी कागद आहे." कागद मोडीत आहे. मोडी कोणाला येते? कोणालाच नाही. काकांनाही नाही. मग प्रश्नच मिटला. आता, थोरले माधवराव थेऊरला वारले ते १७७२ साली. त्याच १७७२ साली पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेने, पारमांतिए नावाच्या औषधतज्ज्ञाच्या खटपटीनंतर, बटाटा माणसाने खायला हरकत नाही असा निर्वाळा दिला. म्हणजे बटाट्याने रोग होतो की काय म्हणून अर्धा फ्रान्स दचकत होता, तेव्हा आमचे काका पुण्यात त्याला आलं, लसूण, हळद लावून बेसनात बुडवत होते. पोर्तुगीजांनी बटाटा पश्चिम किनाऱ्यावर आणला हे खरं, पण किनाऱ्यावर उतरलेली वस्तू घाट चढून लगेच कढईत पडते असं नसतं. मी एवढंच म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हा लोकांना आपल्या इतिहासाची लाज वाटते." एका वड्यावरून मी देशद्रोही! नंतर पानिपत आलं, मग आमची पिढी आली, मग पिझ्झा आला. पिझ्झा येतोच. तोवर वहिनी दुसरा घाणा घेऊन बाहेर आली. पहाटेपासून उभी होती बाई. तिने विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" काकांनी तळहात वर केला, "एक मिनिट गं, विषय पूर्ण होऊ दे." विषय पूर्ण झाला आणि मग त्यांनी ताटातला वडा चाचपून पाहिला. "हा गार झालाय. गरम आणतेस?"

तिने आणला.

असो. उपाय सांगत होते.

उपासाच्या दिवशी हा विषय मुळीच काढू नका. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेचा, आता आपल्याकडे त्याचा मोठा कारभार तमिळनाडूत सेलमला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा तिथलाच, हिरवी मिरचीही अमेरिकेकडचीच. चार परदेशी पाहुणे एका कढईत बसून आपला एकादशीचा सात्त्विक फराळ होतात, आणि शतकानुशतकं इथल्या मातीत वाढलेला कांदा बाहेर उभा. कोथिंबीर चालते की नाही यावर मात्र घरोघरी अजून निकाल लागलेला नाही. त्यात पडू नका, सासवा दुखावतात.

वडापावावर बोलताना एकच नाव घ्या आणि दुसऱ्याचं ऐकू नका. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं बहुतेकजण मानतात. त्याच काळात, तिथेच, सुधाकर म्हात्रे यांनी केला असंही सांगतात. कल्याणकर खिडकी वड्याचं नाव पुढे करतात. भांडा खुशाल. मला विचाराल तर त्या काळात गाडीसाठी धावणाऱ्या, हातात धरून खाता येईल असं स्वस्त काहीतरी हवं असणाऱ्या माणसांनी तो करवून घेतला. कर्जतचा वडा नावाला चढला तोही घाट चढायला मागून इंजिन जोडेपर्यंत गाडी तिथे थांबायची म्हणून. प्रवाशाला भूक आणि गाडीला वेळ, एवढ्यावर पदार्थ मोठे होतात. पण यात कोणाचा पुतळा उभारता येत नाही, म्हणून हे कोणाला नको असतं.

आणि १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्यावर ज्या कामगारांनी वडापावच्या गाड्या टाकल्या, त्यांची नावं तुमच्या इतिहासात का नसतात हो? मागे बसून रोज पहाटे बटाटे उकडणाऱ्या त्यांच्या बायकांची? ज्यांनी आजची मापं बसवली, लसूण किती, हिंग किती, पीठ किती सैल, ते सगळं तळता तळता ठरलं. राजवाड्यात नाही ठरलं. कोणा एकाच्या डोक्यात वीज चमकूनही नाही ठरलं. अँडीजच्या डोंगरात ज्यांनी हजारो वर्षं कडू, विषारी कंदांतून खाण्याजोगा बटाटा निवडून काढला, त्या शेतकऱ्यांपैकी एकाचंही नाव कोणाला माहीत नाही. पेरू देशातल्या लिमाच्या बटाटा संशोधन केंद्रात हजारो वाण जपून ठेवलेत, त्यांच्यावर कोणाची मोडी कागदपत्रं निघालेली नाहीत. आणि तुमच्या अस्सल, पिढीजात, आमच्या-गावच्या वड्यातला बटाटा आग्र्याहून नाहीतर डीसाहून आलेला असतो. पिशवी बघा जरा. कधी मंडईत गेलात तर.

कंटाळा आलाय मला या सगळ्याचा. पदार्थ कुठून आला हे विचारायला माझी ना नाही. मला आवडतं ते, म्हणूनच मी वाचते. पण तुम्हाला ते जाणून घ्यायचं नसतं. तुम्हाला जिंकायचं असतं, आणि तेही दुसऱ्याने राबून केलेल्या ताटावर बसून. वड्याचा शोध कोणी लावला यावर तुम्ही तासभर बोलता, आणि समोरचा वडा कोणी केला हे एकदाही विचारत नाही. केलेल्या बाईने मीठ विचारलं तर तिला हात दाखवता. सगळ्यांचं झाल्यावर ती ओट्यापाशी उभी राहून उरलेला चुरा खाते, तेव्हा तुम्ही हॉलमध्ये अटकेपार असता. लाज कसली वाटायला हवी हे तुम्ही आम्हाला सांगू नका.

पुढच्या रविवारी बोलायचं असेल तर सातला या. दोन किलो बटाटे उकडून ठेवलेले असतील, ते सोलून द्या. गरम असतानाच सोलायचे. बोटं भाजतात, फुंकर मारत सोला. तेवढा वेळ तोंड कामात राहील.