लगान २२४ मिनिटांचा, मग भाकरी थापणार कोण?

विषय निघाला तो शनिवारच्या सिनेमावरून. गच्चीवर पडदा बांधायचा, 'लगान' लावायचा, दहा माणसं बसणार आणि जेवण घरचंच करायचं, एवढं ठरलेलं होतं. काय करायचं यावर मात्र लातूरला औसा रोडच्या टपरीवर तीन चहा होईपर्यंत वाद चालला. आप्पा मेस चालवतात. नानांची सगळी नोकरी टॉकीजच्या मशीनरूममध्ये गेली. मास्तरांना देशोदेशीचे सिनेमे पाठ आहेत. बंडू लाईट-साउंडची कामं घेतो. आणि टपरी मावशींची, त्यामुळं शेवटचा शब्द बऱ्याचदा त्यांचाच असतो.

बंडूनं सुरुवात केली, "पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. यात बोलण्यासारखं काय हाय?"

"भाकरी थापणार कोण?" मावशींनी गाळणी झटकत विचारलं.

प्रश्न साधा होता, पण पुढची सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरली. आप्पांनी हिशेबच मांडला. दहा माणसांच्या पंचवीस भाकऱ्या, तवा एक. थापून, पाणी फिरवून, उलटून, जाळावर फुगवून एका भाकरीला अडीच मिनिटं धरली तरी तासाच्या वर काम. "गरम खायची म्हणलं तर थापणारं माणूस तासभर खाली चुलीपुढं, अन् वर सिनेमा चालू. आधी करून ठेवावी तर पापुद्र्यातली वाफ बाहेर पडली की वीस-पंचवीस मिनिटांत भाकरी चिवट होती. कापडात गुंडाळून डब्यात घाल, मग खालची ओली होऊन चिकटती."

"अन् पीठ जुनं असलं तर बघायलाच नको," मावशी म्हणाल्या. विरी म्हणजे चिकटपणा गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच कडेला चिरते. उकळतं पाणी घालून मळलं तर पिठातला स्टार्च फुगून थोडी चिकटाई येते, भाकरी निभावते. पण दळून आठ-दहा दिवसांच्या आतलं पीठ असावं हे खरं.

पिठल्यालाही आप्पांचा आक्षेप होता. बेसन गार झालं की घट्ट बसतं, वर साय धरतं. परत गरम करताना नुसतं ढवळलं तर गुठळ्या राहतात. उकळतं पाणी थोडं थोडं घालून रवीनं घोटावं लागतं. म्हणजे पुन्हा एक माणूस खालीच.

मास्तर इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मुगाची खिचडी आणि कढी. वाटी मांडीवर, हातात चमचा, नजर पडद्यावर. इराणी नाहीतर जपानी सिनेमा असेल तर खालची भाषांतराची ओळ पाच-सहा सेकंदांत जाते. तेवढ्यात तुम्ही भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवायलाव, मान खाली, ओळ गेली."

"लगानला कुठं ओळी वाचायच्या हायत?" बंडू.

"लगानला नाहीत. पण ताट आणि वाटी यातला फरक सगळ्याच सिनेमांना लागू आहे. अंधारात ताटातला कुठला पदार्थ कुठं हे शोधावं लागतं. वाटीत सगळं एकच असतं."

हा मुद्दा सगळ्यांना पटला. खिचडीचं प्रमाण आप्पांनी सांगितलं: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, पाच वाट्या पाणी, कुकरला चार शिट्ट्या. एवढी चार माणसांना होते, आणि पाणी यापेक्षा कमी घातलं तर तासाभरात ढेकूळ होतं. कढीत खरी मेख असते. एक वाटी आंबट दही, तीन वाट्या पाणी, दोन सपाट चमचे बेसन, तिन्ही गार असतानाच घुसळून एकजीव करायचं. मंद आचेवर ठेवून पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही, मीठ शेवटी. बेसन कमी पडलं किंवा जाळ मोठा झाला की दह्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि कढी फाटते. बेसनातला स्टार्च त्यांना धरू देत नाही, त्याचं काम तेवढंच. फाटलेली कढी मिक्सरमधून काढली तरी खरखर राहते.

"पण मे महिना हाय," मावशी म्हणाल्या. "शिजलेला भात कोमट ठेवून चार तासांनी खायचा का?"

आप्पांनी लगेच मान हलवली. भातात एक जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवून मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष परत गरम केल्यानंही जात नाही. म्हणून भात एकतर वाफाळता गरम राहिला पाहिजे, नाहीतर दोन तासांच्या आत संपला पाहिजे. मेसमध्ये हा नियम मोडता येत नाही, घरी लोक सर्रास मोडतात.

"मग आधी सिनेमाची वेळ बघा ना," नाना म्हणाले, आणि इथून चर्चेला वळण लागलं. "जेवण काय हे नंतर. आधी मध्यंतर कुठं हे ठरवा. १९५७ सालचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' ९६ मिनिटांचा. त्याला मध्ये थांबवला तर खोलीतला कोंडमाराच सुटतो. तिथं आधी जेवायचं, भांडी घासायची, मग बसायचं. लगान २२४ मिनिटं, म्हणजे पावणेचार तास. त्याला निम्म्यावर तोडल्याशिवाय गत्यंतर नाही."

लातूरला मे महिन्यात दिवस सातच्या अलीकडं मावळतो, पण पडद्यावर चित्र उठायला पावणेआठ होतात. त्याआधी लावलं तर गडद प्रसंगांत नुसता करडा पडदा दिसतो. पावणेआठला सुरू, निम्म्यावर म्हणजे साधारण ११० मिनिटांनी गाणं किंवा प्रसंग संपेल तिथं थांबवायचं, झाले नऊ पस्तीस. नानांनी पंचवीस मिनिटांचं मध्यंतर दिलं. दहाला पुन्हा सुरू, बाराच्या आत संपतं.

बंडूच्या डोक्यात विजेचा हिशेब होता. घरच्या इन्व्हर्टरला १५० अँपियर-अवरची एक बॅटरी असते. १२ व्होल्टनं गुणलं तर १८०० वॉट-अवर दिसतात, पण हाताला साडेअकराशेच्या आसपास येतात. प्रोजेक्टर, स्पीकर आणि एक फॅन मिळून तीनशे वॉट धरले तर बॅटरी चांगली असताना साडेतीन तास. वीज गेली तरी सिनेमा बहुतेक निघतो, फक्त त्यावर मिक्सर आणि इंडक्शनची शेगडी लावायची नाही. इंडक्शन एकटी दीड-दोन हजार वॉट ओढते, इन्व्हर्टर ट्रिप होतो. म्हणजे स्वयंपाक गॅसवर, आणि वाटण दुपारीच. पडद्याला एकेरी चादर लावली तर निम्मा उजेड मागं निघून जातो, म्हणून चादर दुहेरी, खालच्या दुमडीत बांबू घालून ताणलेली. बारका पिवळा दिवा बसणाऱ्यांच्या पाठीमागं, जमिनीलगत, म्हणजे वाटी दिसते आणि पडदा फिका पडत नाही.

"आता ऐका," मावशींनी गॅस बारीक केला. "वरणफळं करा."

आप्पा म्हणाले, "वरणफळं थांबत नाहीत, मावशी. अर्ध्या तासात लापशी होती."

"शिजवून ठेवली तर होती. शिजवायची कुणी म्हणलं?"

त्यांचा बेत असा होता. डाळ सिनेमाआधी तयार, फळं म्हणजे कणकेचे तुकडे कापून तयार, आणि दोघांची गाठ मध्यंतरात घालायची. दहा माणसांना अडीच वाट्या तूरडाळ, साडेसात वाट्या पाणी, हळद-हिंग घालून कुकरला पाच शिट्ट्या. डाळ पूर्ण घोटून घ्यायची, डाळीचे दाणे राहिले तर फळं तळाला बसतात. सहा-सात लिटरचं पातेलं घ्या, लहान नको, डाळीचा फेस वर येतो. पाच चमचे तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता आणि वीस-बावीस पाकळ्या ठेचलेला लसूण. लसूण कडेनं सोनेरी झाला की गॅस बारीक करूनच काळं तिखट चार चमचे, कारण तापलेल्या तेलात ते दोन सेकंदांत जळतं आणि सगळं पातेलं कडू होतं. लगेच डाळ, वरून साडेबारा वाट्या पाणी, चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ. एक उकळी काढून झाकून ठेवायचं.

"एवढं पाणी?" मास्तरांनी विचारलं.

"आमटीपेक्षा पातळच दिसलं पाहिजे. फळं पाणी पितात, अन् वरून त्यांचं पीठ उतरतं. आत्ता नीट दिसणारं वरण वाढेपर्यंत घट्ट होतं."

कणीक पाच वाट्या, तिखट, हळद, ओवा, मीठ, दोन चमचे तेल. पोळीपेक्षा घट्ट मळायची, वीस मिनिटं झाकून ठेवायची. मऊ मळली तर फळं उकळीत विरघळतात. पोळी जरा जाडसर लाटून शंकरपाळ्यासारखे दीड इंची तुकडे. आणि मग त्यांनी टपरीवरच्या फडक्यावर बोटांनी दाखवलं: कापडावर कोरडं पीठ भुरभुरायचं, तुकडे एकमेकांना शिवणार नाहीत असे पसरायचे, वरून कोरडं कापड. दोन-अडीच तासांत वरचा पापुद्रा किंचित सुकतो आणि ते चांगलंच, उकळीत पडताना चिकटत नाहीत. फ्रीजमध्ये मात्र ठेवायची नाहीत. बाहेर काढली की घामेजतात आणि एकच गोळा होतो.

मध्यंतर झालं की पातेलं मोठ्या शेगडीवर. कोमट डाळीला खळखळून उकळी यायला दहा मिनिटं. उकळी आल्याशिवाय एकही फळ सोडायचं नाही. वरण नुसतं गरम असेल तर फळाचं वरचं पीठ शिजायच्या आधी ओलं होतं आणि तुकडे एकमेकांना धरतात. फळं एकेक करून, पातेल्याभर फिरत, दोन खेपांत सोडायची. झाकण अर्धवट. दहा-बारा मिनिटांत फळ वर तरंगतं. एक मोडून बघायचं, आत पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं. शेजारी दोन वाट्या उकळतं पाणी तयार ठेवायचं, दुसऱ्यांदा वाढताना लागतंच.

नानांनी बोटं मोजली. "दहा अन् बारा बावीस. पंचवीसात बसलं." वाट्या हातात घेऊन उरलेला सिनेमा बघायचा. स्टीलची वाटी तळाला पोळते म्हणून खाली घडी केलेला रुमाल, आणि वर कच्चं तेल नाहीतर तूप, ज्याला जे लागतं ते.

नऊ पस्तीसपर्यंत पोरं उपाशी राहणार नाहीत म्हणून आधी सात वाजता धपाटे, यावर फारसा वाद झाला नाही. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, ओवा, कोथिंबीर. ओल्या कापडावर थापायचे, मध्ये भोक पाडून तेल सोडायचं. वाद कांद्यावर झाला. बंडूला हवा होता. आप्पा म्हणाले, कांद्याला पाणी सुटतं, पीठ अर्ध्या तासात सैल पडतं आणि धपाटा उचलताना तुटतो. मावशींनी निकाल दिला की कांदा घालायचा असेल तर थापायच्या वेळीच, दोन-दोन धपाट्यांच्या पिठात. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी.

उत्तरार्धात काय चघळायचं यावर मक्याच्या लाह्या निघाल्या. दाण्यात चौदा टक्क्यांच्या आसपास ओल असते, १८० अंशांच्या जवळ तिची वाफ टरफल फोडते. उघड्या बरणीत सुकलेला मका म्हणूनच फुटत नाही. नानांना लाह्यांचा कुरकुर आवाज नको होता. शांत प्रसंगात पापड, चिवडा, लाह्या यातलं काही तोंडात नसावं हे त्यांचं मत ठाम आहे, आणि ते बरोबर आहे. लाह्या मध्यंतरातच संपवायच्या ठरल्या.

आप्पांनी वहीचं पान फाडून सामान लिहून घेतलं. मास्तर उठता उठता म्हणाले, "म्हणजे मावशी, तुम्ही सहाला येऊन कणीक मळणार तर."

"मी सिनेमा बघायला येणार," मावशी म्हणाल्या. "पाच वाट्या कणीक लाटून कापायला दोन पोळपाट अन् चार हात असले तर अर्धा तास लागतो. सव्वासहाला सगळे या. बंडू, येताना तुमच्याकडचं लाटणं घेऊन ये."